पावडर नाही, नुसतं पाणी

अल्माटी, मंगळवार, १९ मार्च

उलबोल्सिन सेयितखानोव्हना,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? आठ वर्षांनी म्हाताऱ्याला काय सुचलं असं म्हणत तू हे पत्र खडूच्या डब्याखाली सारशील आणि वर्गावर जाशील, हे मला ठाऊक आहे. जा खुशाल. पण आधी एवढी एक ओळ वाच. काल पिवळा रंग आला.

कसा आला म्हणून सांगू! पूर्वी यायचा तसाच. नळीतल्या पाण्यात नेस्लरच्या द्रावणाचे चार थेंब टाकले आणि पाणी लिंबाच्या सालीसारखं पिवळं झालं. घाईत चाराचे सहा पडले असतील. पण रंग थेंबांनी येत नाही, पाण्यात अमोनिया असला तरच येतो, एवढं तुला आठवत असेल. शाळेतल्या पोरांपुढे बाकीचं विसरली असशील तर पुन्हा सांगतो. हवेत नायट्रोजन आहे, फुकट. पाणी फुकट. ऊन तर त्याहून फुकट. या तिघांची गाठ घालून देणारी आपली पांढरी पावडर, नमुना क्रमांक एक्केचाळीस. ती पाण्यात टाकायची, खोलीतली हवा पंपाने पाण्यात बुडबुडत सोडायची, भांडं खिडकीच्या उन्हात ठेवायचं. अमोनिया उतरतो, म्हणजे खत उतरतं. कारखाना नको, धूर नको. कुरणावरच्या माणसाने बादलीत करावं इतकं सोपं. बावीस वर्षं आणि चौदा निबंध मी याच्यावर काढले.

आणि तुझ्या हातून मात्र ते होईना. दोन हजार सोळाच्या वसंतात तुझ्या वहीत शून्य, शून्य, शून्य. ऑक्टोबरमध्ये तुझा प्रबंध सभेपुढे आला तेव्हा मी उभा राहून काय बोललो ते तू विसरली नसशील. "हिच्या बापाला चौथा तरी मुलगा हवा होता, म्हणून हिचं, तिसरीचं, नाव उलबोल्सिन, 'मुलगा होऊ दे', असं ठेवलं. त्याने मुलगा मागितला, पदरात आणखी एक पोर पडली. मी निकाल मागितला, पदरात शून्य पडलं." सभा हसली. तू खाली बघत उभी राहिलीस. मी तुला काही विचारलं नाही. विचारण्यासारखं होतं काय? ज्याला नाचता येत नाही त्याचं अंगण वाकडं.

आता ऐक कसं झालं ते. मार्झियाच्या हातची शेवटची बरणी मी जपून ठेवली होती. तुम्ही सगळे तिला झेंगे म्हणायचात. वहिनी कसली, तुमची आईच होती ती. माझी बायको, आणि माझ्या प्रयोगशाळेतली एकुलती एक मदतनीस. पावडर भट्टीतून तीच काढायची. ती गेल्यापासून दर नौरिझच्या, वसंतातल्या नववर्षाच्या सणाच्या, आधी मी बरणीतली चमचाभर पावडर घेतो आणि खिडकीत भांडं लावून बसतो. सात वर्षं पाणी पाण्यासारखंच राहिलं. लोक मला म्हणायचे, तोके, आता सोडा. मी म्हणायचो, ती भट्टीपाशी काय करायची ते मी नीट पाहिलं नाही, तिचा हात तिच्याबरोबर गेला.

गेल्या शुक्रवारी नवी झाडूवाली बातिमा आली आणि तिने न विचारता प्रयोगशाळेतल्या मार्झियाच्या खिडक्या लख्ख पुसल्या. मार्झिया गेल्यापासून त्यांना हात लावायचा नाही असं मी सगळ्यांना बजावलं होतं. मी अंगावर ओरडलो तर उलट मलाच म्हणते, "ओ साहेब, सणाला खिदिर बाबा दारोदार फिरतात. असल्या मळक्या काचा पाहिल्या तर पाठ फिरवतील! तुमचं काय, तुम्ही बसा अंधारात, मला माझ्या घरी बरकत हवी आहे." सोमवारी खोलीत शिरलो तर क्षणभर मार्झियाच आहे असं वाटलं, तोच वास. आणि दुपारी रंग आला. मी बातिमाचे दोन्ही गाल धरून तिचा मुका घेतला. ती म्हणाली, "अल्ला! म्हातारा चळला."

तेव्हा पावडर खरी होती. मी खरा होतो. तुझा हात वाईट होता. एवढंच कळवायचं होतं. सणाच्या शुभेच्छा.

तोलेगेन

*

अल्माटी, २८ मार्च

उलबोल्सिन,

तुझं उत्तर नाही. मी अपेक्षाही केली नव्हती.

आज सहज लिहितो आहे. सणाच्या सुट्टीनंतर प्रयोग तीनदा केला. पहिल्यांदा रंग आला, पण फिका. दुसऱ्यांदा कागद मागे धरला तेव्हा जेमतेम दिसला. काल आलाच नाही. ऊन पूर्वीसारखंच होतं, डोंगर स्वच्छ दिसत होता. पावडर थकली असेल. उत्प्रेरक थकतात, त्यांनाही वय असतं. म्हणून बरणीतला ताजा चमचा घेतला. त्यालाही नाही.

तुझा एक स्वभाव मला फार चिडवायचा. काही बरं निघालं की सगळे टाळ्या पिटायचे आणि तू आपल्या गुरूलाच विचारायचीस, "अगाय, काल आणि आजमध्ये बदललं काय?" मार्झिया म्हणायची, ही पोर लग्नात जेवायला बसली तरी मांस कुठल्या मेंढीचं ते विचारेल. आज तो प्रश्न माझ्या कानात बसला आहे आणि जात नाही.

बदललं काहीच नाही. खिडक्या तेवढ्या पुन्हा मळल्या, आपल्या शहरात आठवड्याभरात कोळशाची काजळी बसतेच. म्हणजे ऊन कमी झालं असणार, रंग फिका झाला तो त्यामुळे. हे अगदी सरळ आहे. उद्या बातिमाला पुन्हा पुसायला सांगतो.

घाईत आहे.

तोलेगेन

*

अल्माटी, ४ एप्रिल

उलबोल्सिन,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. पहिल्यात खोटं लिहिलं होतं, दुसऱ्यात अर्धं.

बातिमा बाटली घेऊन आली. मी पाहत उभा होतो. तिने फडक्यावर बाटली उपडी केली आणि माझ्या नाकात ती तिखट कळ गेली. "हे काय आहे?" मी विचारलं. "नशातीर! आणखी काय? बाई चक्कर येऊन पडली की नाकाशी धरतात ते. याच्यासारखी काच कशानेच निघत नाही. तुमच्या बायकोने काय रेशमाने पुसल्या असतील?"

नशातीर म्हणजे पाण्यात मुरवलेला अमोनिया, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत आलो आहे. मार्झिया दर शुक्रवारी याच बाटलीने खिडक्या पुसायची. पहिल्या वर्षी मीच तिला म्हणालो होतो, मला ऊन कमी पडतं. तेव्हापासून एक शुक्रवार तिने चुकवला नाही. तोच तिचा वास. तिच्या हातांना, रुमालाला, आमच्या उशांना तो वास होता, आणि मला तो इतका सवयीचा झाला होता की त्याला नाव असेल हे डोक्यात आलं नाही.

बातिमा गेल्यावर मी भांडं धुतलं. पाणी भरलं. पावडर टाकली नाही. पंप लावला. संध्याकाळपर्यंत खुर्चीवर बसून राहिलो, चहासुद्धा घेतला नाही. मग थेंब टाकले.

पिवळा. सुंदर पिवळा.

खोलीतली हवा पाण्यात सोडत होतो ना आपण! खिडकीवरून उडालेला सगळा अमोनिया पंप इमानाने वेचून पाण्यात घालत होता. पावडर बिचारी नुसती बसून होती. हिवाळ्यात रंग फिका यायचा, मी लिहिलं, ऊन तिरपं असतं. खरं कारण असं की हिवाळ्यात खिडक्यांच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असायच्या आणि मार्झिया आतली बाजू तेवढीच पुसायची. अंधारातला प्रयोग मी केला नव्हता असं नाही, नियमाने केला. पण तळघरात केला, कारण अंधार तिथेच चांगला मिळतो. तळघराला खिडकी नाही, मग पुसणार काय? तिथे रंग आला नाही, आणि मी छाती काढून लिहिलं, प्रकाशावाचून क्रिया होत नाही. नुसत्या पाण्याचा प्रयोग एकदाच केला, चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, मार्झिया नोकरीला लागण्याच्या आधी. जर्मनीहून दोघांनी कळवलं की आमच्याकडे काही येत नाही. मी भर परिषदेत म्हणालो, "तुमचं ऊन आमच्या उन्हासारखं नाही." लोक हसले होते. वाकडं अंगण कुणाचं होतं, सांग बरं.

मी एकाहत्तर वर्षांचा आहे. मी आयुष्यभर बायकोचं खिडक्या पुसणं मोजत होतो.

तोलेगेन

*

अल्माटी, १५ एप्रिल

उलबोल्सिन,

कपाटातून तुझी वही काढली. इतकी वर्षं ती माझ्या कुलपात होती आणि मी ती शेवटपर्यंत वाचली नव्हती. शून्यांची तीन पानं पाहिली होती, तेवढी मला पुरली.

चौथं पान आज वाचलं. तुझं बारीक, सरळ अक्षर. "२२ एप्रिल २०१६. खिडकी झेंगेंच्या पद्धतीने पुसली. पावडर नाही, नुसतं पाणी. रंग: पिवळा." खाली तीनदा केल्याच्या तारखा, तीनदा पिवळा. आणि अगदी तळाशी, "झेंगेंशी बोलायचं." पुढची पानं कोरी.

म्हणजे तुला कळलं होतं. सभेच्या सहा महिने आधी कळलं होतं. ते एक पान तू वर धरलं असतंस तर हसणाऱ्यांचे दात घशात गेले असते, आणि आधी माझे. तू का बोलली नाहीस? मार्झियाशी बोललीस का? ती फेब्रुवारीपासून अंथरुणावर होती, म्हणून खिडक्या तशाच राहिल्या, म्हणून तुझी शून्यं. आता सगळं कळतं, फक्त एवढं कळत नाही.

दुसरं सांगायचं आहे, ते सांगताना लाज वाटते. मी सोवेतखानकडे गेलो. आमच्याबरोबर शिकलेला, आता संस्थेचा प्रमुख. त्याने दार लावून घेतलं. म्हणाला, "तोके, अरे त्या पाण्याला आता कोण विचारतं? वर्षअखेर तुझ्या खांद्यावर मानाचा झगा, चापान, चढवतो, घोड्याचं मांस शिजवतो, भाषणं होतील, मानाने घरी जा. मेलेल्या बाईला कशाला मधे ओढतोस? लोक म्हणतील, बायको गेली आणि चूक तिच्या माथी मारली." मी म्हणालो, विचार करतो. मग आम्ही चहा प्यायलो, तळलेले बाऊरसाक खाल्ले, गुडघेदुखीवर बोललो. घरी येताना मी खरोखरच विचार करत होतो, पोरी. तुझी वही पिशवीत होती आणि तरी मी चापानचा रंग कोणता असेल याचा विचार करत होतो.

असा आहे तुझा गुरू. तुला ठाऊक असावं.

तोलेगेन

*

अल्माटी, ७ मे

पोरी,

केलं. चौदाही निबंध मागे घेत असल्याची पत्रं गेली. कारणाच्या रकान्यात मार्झियाचं नाव कुठेही लिहिलं नाही. लिहिलं, "प्रयोगशाळेतील हवा दूषित असल्याची तपासणी प्रमुखाने केली नाही." चूक कुणाची हे खरंच तेवढंच आहे. खाली लिहिलं, ही चूक २०१६ साली उलबोल्सिन सेयितखानोव्हना हिने शोधली. ते वाक्य एका संपादकाने काढून टाकलं, म्हणे अनावश्यक आहे. मी पुन्हा पाठवलं.

सोवेतखान बोलत नाही. माझ्या हाताखालचे दोघेजण, ज्यांनी पोटाला चिमटा काढून माझ्या पावडरीवर चार वर्षं घातली, त्यांचं काम बंद झालं. जिन्यात समोरासमोर आलो तर ते भिंतीकडे बघतात. त्यांचं बरोबर आहे. प्रयोगशाळेच्या दाराला दोरी बांधून मेणाची मोहर लावली आहे. बातिमा तेवढी भेटली. तिला वाटतं, तिने न विचारता खिडक्या पुसल्या म्हणून हे सगळं झालं. रडत होती. "मला काय माहीत साहेब, मी तर सणासाठी केलं." मार्झियानेही माझ्यासाठीच केलं होतं.

तुझ्या पदवीसाठी तीन ठिकाणी गेलो. तुला नाकारणारी ती सभाच आता उरलेली नाही. नव्या नियमाने पुन्हा नाव घालावं लागेल, नवा विषय, नवा मार्गदर्शक, पुन्हा तीन वर्षं. तुझ्या प्रबंधाला आता अर्थ नाही, कारण ज्या पावडरीवर तो होता तिलाच अर्थ नाही, असं एका तरुण बाईंनी मला फार नम्रपणे समजावून सांगितलं. अख्ख्या प्रयोगशाळेत बावीस वर्षांत एकच खरा निकाल निघाला, तो तुझा, आणि तो शून्य होता. शून्यावर पदवी देत नाहीत.

मी तुझं आयुष्य नासवलं आणि ते दुरुस्त करायची काही सोय नाही. क्षमा मागत नाही. मागितली तर तुला ती द्यावी लागेल, आणि आणखी एक काम तुझ्या गळ्यात पडेल. पण एक सांग. तू गप्प का राहिलीस?

तोलेगेन

*

अल्माटी, २३ मे

पोरी,

तुझं पत्र काल मिळालं. पाकीट टेबलावर ठेवून मी आधी भांडी घासली, मग फोडलं. भीती वाटत होती. आता इतक्यांदा वाचलं आहे की न पाहता म्हणता येईल. तरी इथे उतरवून काढतो. तुझे शब्द माझ्या हाताने एकदा लिहायचे आहेत.

"अगाय, तुमची सगळी पत्रं पोचली. पहिलं वाचून मी वर्गात जाऊन पोरांवर उगाच ओरडले. बाकीच्यांना काय उत्तर द्यावं कळत नव्हतं. आता तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते.

मे महिन्यात मी झेंगेंकडे गेले होते. तुम्ही त्यांच्यासाठी घोडीचं दूध आणायला गेला होतात. मी त्यांना वही दाखवली. त्या आधी खूप हसल्या, इतक्या की खोकला लागला. म्हणाल्या, 'म्हणजे इतकी वर्षं मी त्याला ऊन धुऊन देत होते!' मग भिंतीकडे तोंड करून रडल्या. मी निघाले तर माझा हात धरला. म्हणाल्या, 'मी आहे तोवर सांगू नकोस गं. माझ्यासमोर त्याचा चेहरा पडलेला मला बघवणार नाही. मी गेल्यावरही आपणहून सांगू नकोस, त्याला वाटेल मी गेले आणि तुम्ही त्याला गाठलंत. त्याने विचारलं की सांग. तो विचारेल. शून्य का आलं, हे विचारल्याशिवाय राहील का तो? शास्त्रज्ञ आहे.' मी शब्द दिला.

सभेत मी वही बरोबर आणली होती. पान दुमडून ठेवलं होतं. तुम्ही उभे राहिलात तेव्हा मला वाटलं, आता विचारतील. नंतर दाराशीही थांबले होते. तुम्ही माझ्या समोरून गेलात. मग मी वही प्रयोगशाळेत जमा केली आणि निघाले.

पदवीचं राहू द्या. माझी पोरं हुशार आहेत. परवा एकीने विचारलं, बाई, काल आणि आजमध्ये बदललं काय? तुम्ही जेवत जा."

एवढंच तुझं पत्र. मला वाटलं होतं तू शिव्या देशील, आणि त्या मला सोसल्या असत्या.

त्या दिवशी दाराशी तू होतीस हे मला आठवतं. हिरवा स्वेटर होता. मी तुला पाहिलं आणि मुद्दाम घड्याळ बघितलं. मार्झियाला माझी एवढी एक गोष्ट ठाऊक नव्हती. चाळीस वर्षं एका ताटात जेवून तिने माझ्याबद्दल एकच अंदाज चुकवला, आणि तो मरताना.

स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून लिहितो आहे. काचेवर काजळी आहे, डोंगर दिसत नाही. नशातीरची तिची जुनी बाटली मोरीच्या खाली सापडली, तळाशी दोन बोटं उरली आहे. बूच काढलं नाही. काढलं तर ती इथे उभी राहील, आणि विचारेल, विचारलंस का रे पोरीला?

म्हणून विचारतो. उत्तर मला ठाऊक आहे आणि त्याचा आता कुणालाही उपयोग नाही. तरी त्या दाराशी मी थांबलो आहे असं समज, तू वही हातात घेऊन उभी आहेस असं समज.

उलबोल्सिन, शून्य का आलं?

तोलेगेन